जखम भरली, कळ मात्र राहिली : मज्जातंतूंच्या वेदनेवर विजेचा उपचार

स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली, टाके निघाले, जखम स्वच्छ भरून आली, म्हणजे घरच्या मंडळींना दुखणे संपले असे वाटते. डॉक्टरही तपासणीअंती समाधान व्यक्त करतात. परंतु अशी शस्त्रक्रिया झालेल्या कित्येक स्त्रियांचा अनुभव निराळा असतो. सहा महिने लोटतात, वर्ष लोटते; तरी काखेत, छातीच्या कडेला आणि दंडाच्या आतल्या बाजूला काहीतरी सतत जळत राहते. पोलक्याची शिवण त्या जागी लागली तरी अंगावर काटा उभा राहतो. फळीवरचा डबा काढावयास हात वर करावा, तर काखेतून कोपराकडे कळ जाते. रात्री त्या कुशीवर निजता येत नाही. आश्चर्य असे की, त्या जागेला बोट लावावे तर कातडी बधिर असते. आणि त्या बधिर कातडीतच दुखत असते. हे कोणाला सांगावे, तर ऐकणाऱ्याला खरे वाटत नाही.

दुखणे येते हत्तीच्या पावलांनी आणि जाते मुंगीच्या पावलांनी, अशी म्हण आपल्याकडे आहे. या दुखण्यात मुंगी वाटेतच थांबून राहते. आणि बहुतेक स्त्रिया त्याविषयी बोलत नाहीत. जीव वाचला, त्यापुढे एवढ्याशा दुखण्याची काय कथा, असे त्या स्वतःच्या मनाला समजावतात. घरातील माणसेही पुष्कळदा हेच समजावतात. वास्तविक या वेदनेला कारण आहे, वैद्यकशास्त्रात नाव आहे, आणि तिच्यावर पायरीपायरीने करावयाचे उपाय आहेत. त्या पायऱ्यांपैकी वरच्या पायरीवर जो उपाय येतो, तो म्हणजे मज्जातंतूंना सौम्य विद्युत्प्रवाह देऊन वेदना शमविणे. हा उपाय कोठून आला, तो कसा करतात, कोणाला करावा आणि त्यापासून किती अपेक्षा ठेवावी, हे समजून घेण्यासारखे आहे.

प्रथम या वेदनेचा विस्तार पाहू. २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग नव्याने झाल्याचा जागतिक पाहणीचा अंदाज आहे. आपल्या देशातील स्त्रियांत हाच कर्करोग सर्वांत अधिक आढळतो. त्यांपैकी बहुसंख्य स्त्रियांवर केव्हा ना केव्हा शस्त्रक्रिया होते. शस्त्रक्रियेनंतर उत्पन्न झालेली किंवा वाढलेली वेदना तीन महिन्यांहून अधिक काळ टिकली, तर तिला चिवट किंवा दीर्घकालीन वेदना म्हणावे, असे आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणात ठरविलेले आहे. अशी वेदना किती जणींना होते, याची मोठी पाहणी डेन्मार्कमध्ये झाली. २००५ आणि २००६ या वर्षांत शस्त्रक्रिया झालेल्या ३,२५३ स्त्रियांनी प्रश्नपत्रिकेला उत्तरे दिली, आणि २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेला दोन-तीन वर्षे होऊन गेल्यावरही त्यांतील ४७ टक्के स्त्रियांना वेदना होत होती. वेदना होणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्या जणींची वेदना सौम्य होती. परंतु १३ टक्के स्त्रियांनी ती तीव्र असल्याचे सांगितले. स्पर्शज्ञानात बिघाड झाल्याची तक्रार ५८ टक्के स्त्रियांनी केली. तरुण वयात शस्त्रक्रिया झालेल्या, किरणोपचार घेतलेल्या आणि काखेतील ग्रंथी मोठ्या प्रमाणात काढलेल्या स्त्रियांत ही वेदना अधिक आढळली.

यातील शेवटच्या कारणात या दुखण्याचे एक महत्त्वाचे मूळ सापडते. आपल्या पाठीच्या कण्यातून प्रत्येक दोन बरगड्यांच्या फटीत एकेक मज्जातंतू बाहेर पडून पुढे छातीकडे येतो. त्यांपैकी दुसऱ्या बरगडीखालच्या तंतूची एक फांदी छातीच्या भिंतीतून बाहेर येते, काख आडवी ओलांडते आणि दंडाच्या आतल्या व मागच्या बाजूच्या कातडीत पसरते. शरीरशास्त्रात तिला इंटरकॉस्टोब्रेकियल, म्हणजे बरगड्यांकडून दंडाकडे जाणारा तंतू, असे म्हणतात. हा तंतू हात हलविण्याचे काम करीत नाही; त्याचे काम केवळ स्पर्श, उष्णता आणि वेदना यांची बातमी आत पोहोचविणे. काखेतील ज्या चरबीत लसिका ग्रंथी असतात, त्या चरबीमधूनच तो जातो. कर्करोग पसरताना प्रथम याच ग्रंथींत शिरण्याचा संभव असतो, म्हणून शल्यविशारदाला त्या काढाव्या लागतात. आणि त्या काढताना हा नाजूक तंतू ताणला जातो, चेपला जातो, पुष्कळदा कापलाही जातो. हात हलविणारे जे तंतू काखेत असतात ते डॉक्टर कटाक्षाने जपतात. हा तंतू कापला तरी हात लुळा पडत नाही, म्हणून पूर्वी त्याची फारशी तमा बाळगीत नसत.

शस्त्रक्रियेच्या पद्धतीतही या गोष्टीचा इतिहास आहे. अमेरिकेतील विल्यम हॉल्स्टेड यांनी १८८२ मध्ये सुरू केलेली आणि १८९४ मध्ये विस्ताराने प्रसिद्ध केलेली शस्त्रक्रिया फार मोठी असे. स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथी हे सर्व एकत्र काढण्यात येई. जवळजवळ पाऊणशे वर्षे हीच रीत जगभर चालली. पुढे बर्नार्ड फिशर यांनी १९७१ मध्ये सुरू केलेल्या प्रयोगात या मोठ्या शस्त्रक्रियेची लहान शस्त्रक्रियांशी तुलना करण्यात आली. पंचवीस वर्षांच्या निरीक्षणानंतरही मोठ्या शस्त्रक्रियेने आयुष्य अधिक वाढते असे दिसले नाही. त्यानंतर १९९० च्या दशकात काखेतील सर्व ग्रंथी न काढता पहारेकऱ्यासारख्या पुढे असलेल्या एक-दोन ग्रंथी काढून तपासण्याची पद्धत आली. त्या ग्रंथी निर्दोष असल्या तर बाकीच्यांना हात लावण्याचे कारण उरत नाही. जखम जितकी लहान, तितका तंतूंना धोका कमी. परंतु ही पद्धत प्रत्येक रुग्णास लागू पडत नाही. रोग पुढे गेला असेल तर काख मोकळी करावीच लागते. आपल्याकडे पुष्कळ स्त्रिया रोग वाढल्यावरच रुग्णालयात येतात, म्हणून मोठी शस्त्रक्रिया अजूनही वारंवार करावी लागते. तेव्हा वेदना राहिली म्हणजे शस्त्रक्रिया चुकली, असा अर्थ कोणी करू नये. प्राण वाचविण्याच्या कामात तंतूला इजा झाली, एवढाच त्याचा अर्थ होय.

आता प्रश्न असा की, कापलेला तंतू वर्षानुवर्षे का दुखावा? तारायंत्राची तार तुटली तर संदेश बंद पडतो. शरीरातील तंतूचे तसे नाही. तुटलेल्या टोकाला नवे कोंब फुटतात. कधी त्यांची गुंतागुंत होऊन लहानशी गाठ बनते. ही टोके विनाकारण, आपोआप संदेश पाठवू लागतात. हे खोटे संदेश सतत येत राहिले, म्हणजे मज्जारज्जूमधील पेशी अधिकाधिक हळव्या होत जातात. मग साध्या स्पर्शाची बातमीही आत पोहोचेपर्यंत वेदनेची बातमी होऊन बसते. म्हणूनच पदराचा स्पर्श जाळल्यासारखा वाटतो. म्हणूनच बधिर जागा दुखते. आणि म्हणूनच काही स्त्रियांना काढून टाकलेला स्तन अद्याप जागेवर असून तोच दुखतो आहे, असा भास होतो. हा मनाचा खेळ नव्हे. हातपाय कापलेल्या सैनिकांनाही असाच अनुभव येतो, आणि अमेरिकेतील सायलस वेअर मिचेल यांनी १८७१ मध्येच त्याचे वर्णन केले होते.

विजेच्या उपचाराकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. शस्त्रक्रियेनंतर काही काळ बरे वाटून मग नव्याने सुरू झालेली, अथवा दिवसेंदिवस वाढत जाणारी वेदना ही प्रथम कर्करोगाच्या डॉक्टरांनाच दाखविली पाहिजे. रोग उलटला आहे काय, हे तपासल्याशिवाय तिला तंतूंची वेदना समजून चालणार नाही. हात सुजणे, खांदा आखडणे, किरणांमुळे तंतूंना इजा होणे ही कारणेही निराळी काढून पाहावी लागतात, कारण त्यांचे उपाय निराळे आहेत. आखडलेल्या खांद्याला व्यायाम हवा, सुजलेल्या हाताला पट्टा आणि मालिश हवे. वेदना शमविण्याच्या भरात मूळ रोगाकडे दुर्लक्ष होणे, ही या क्षेत्रातील सर्वांत मोठी चूक ठरेल.

वेदना तंतूंचीच आहे असे ठरले, म्हणजे साध्या उपायांपासून आरंभ होतो. नेहमीच्या अंगदुखीच्या गोळ्या या वेदनेवर फारशा चालत नाहीत. तिच्यासाठी गॅबापेन्टिन आणि प्रीगॅबलिन ही मुळात फेफऱ्यावरची औषधे, किंवा अमिट्रिप्टिलिन आणि ड्युलोक्सेटिन ही मुळात खिन्नतेवरची औषधे देतात. खिन्नतेवरचे औषध दिले म्हणजे डॉक्टरांनी आपल्याला मनोरुग्ण ठरविले, असा गैरसमज करून घेण्याचे कारण नाही. ही औषधे तंतूंच्या संदेशांवरच काम करतात. मात्र टॅमॉक्सिफेन घेत असलेल्या स्त्रीने ते डॉक्टरांना अवश्य सांगावे. कारण खिन्नतेवरची काही औषधे टॅमॉक्सिफेनचे काम मंदावतात. याशिवाय दुखऱ्या जागी लावावयाची बधिरतेची पट्टी किंवा मिरचीतील तिखट द्रव्याचे मलम असते, खांद्याचे व्यायाम असतात, आणि तंतूजवळ सुईने औषध सोडून तो काही काळ बधिर करण्याची पद्धत असते. पुष्कळ स्त्रियांना एवढ्याने पुरेसा आराम पडतो. ज्यांना पडत नाही, किंवा ज्यांना औषधांची गुंगी सोसत नाही, त्यांच्यासाठी पुढचा विचार.

विजेने वेदना शमविण्याची कल्पना फार जुनी आहे. रोममध्ये क्लॉडिअस बादशहाच्या काळात, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, स्क्रिबोनिअस लार्गस नावाच्या वैद्याने डोकेदुखीवर आणि पायाच्या संधिरोगावर एका समुद्री माशाचा उपाय लिहून ठेवला आहे. हा मासा अंगातून विजेचा झटका देतो. दुखऱ्या जागेखाली जिवंत मासा ठेवावा आणि जागा बधिर होईपर्यंत थांबावे, असा तो उपाय. अनुभव होता, परंतु कारण ठाऊक नव्हते. ते कारण सांगण्याचा शास्त्रीय प्रयत्न १९६५ मध्ये झाला. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक आणि इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ पॅट्रिक वॉल यांनी त्या वर्षी 'सायन्स' या नियतकालिकात एक सिद्धान्त मांडला. त्याला वेदनेच्या दरवाजाचा सिद्धान्त म्हणतात.

तो समजण्यास गावाच्या वेशीचा दाखला पुरेसा आहे. मज्जारज्जूच्या मागच्या भागात, शरीरातून येणारे तंतू जेथे आत शिरतात तेथे, जणू एक वेस आहे. या वेशीकडे दोन प्रकारचे तंतू येतात. स्पर्शाची आणि दाबाची बातमी आणणारे तंतू जाड असून त्यांचा वेग सेकंदाला ३५ ते ७५ मीटर इतका असतो. मंद, जळजळत्या वेदनेची बातमी आणणारे तंतू बारीक असून त्यांचा वेग सेकंदाला दोन मीटरांच्या आतच असतो. जाड तंतूंची वर्दळ वाढली, म्हणजे वेशीवरचा रखवालदार दरवाजा ओढून घेतो आणि वेदनेची बातमी पुरती आत जाऊ शकत नाही. कोपर ठेचले की मनुष्य ते आपोआप चोळू लागतो. मूल पडले की आई गुडघा कुरवाळते. त्या चोळण्याने दुखणे कमी का होते, याचा उलगडा या सिद्धान्ताने होतो. पुढील संशोधनाने त्यातील तपशील पुष्कळ बदलले. वेदनेवर मेंदूकडूनही वरून हुकूम चालतो, हे अधिक स्पष्ट झाले. तरी मुख्य कल्पना टिकून राहिली. चोळण्याचे काम बोटांऐवजी विजेने, आणि कातडीऐवजी थेट तंतूवर करावयाचे, हाच या उपचाराचा गाभा होय.

सिद्धान्ताची परीक्षा लवकरच झाली. पॅट्रिक वॉल आणि बॉस्टनचे मेंदुशल्यविशारद विल्यम स्वीट यांनी प्रथम स्वतःच्याच चेहऱ्यातील तंतूंवर प्रवाह देऊन पाहिला. मग तीव्र, जुनाट वेदना असलेल्या आठ रुग्णांच्या तंतूंना त्यांनी सेकंदाला शंभर वेळा अतिसूक्ष्म झटके दिले. झटके चालू असताना दुखऱ्या जागेवर दाबले तरी वेदना होईना; आणि ज्यांचे कातडीकडील तंतूच बिघडले होते अशा चार रुग्णांना, केवळ दोन मिनिटांच्या प्रवाहानंतर अर्ध्या तासाहून अधिक काळ आराम मिळाला. हे १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी क्लीव्हलँड येथे नॉर्मन शिली यांनी फुफ्फुसाच्या कर्करोगाने छातीत वेदना होत असलेल्या एका रुग्णाच्या मज्जारज्जूवर विजेचे टोक प्रथमच बसविले, आणि त्याला आराम पडला.

तेव्हापासून या उपचाराची तीन रूपे प्रचारात आली आहेत. पहिले रूप सर्वांत सोपे. हातात मावेल एवढे, घटावर चालणारे यंत्र, त्याला जोडलेल्या तारा आणि कातडीवर चिकटवावयाच्या चकत्या. यास टेन्स असे संक्षिप्त नाव आहे. यात काहीही कापावे लागत नाही, सुई टोचावी लागत नाही. प्रवाह सुरू केला की त्या जागी मुंग्या आल्यासारखे वाटते. तो इतकाच ठेवावयाचा की मुंग्या स्पष्ट जाणवाव्यात, पण टोचू नयेत. आराम साधारणतः यंत्र चालू असेपर्यंत आणि त्यानंतर थोडा वेळ टिकतो. खर्च थोडा आणि धोका कमी. म्हणून हा प्रयोग प्रथम करून पाहण्यास हरकत नसते. तरीही तो डॉक्टरांना किंवा व्यायामोपचार करणाऱ्या तज्ज्ञांना विचारूनच करावा. चकत्या उघड्या जखमेवर, किरणांनी हुळहुळलेल्या कातडीवर, पूर्ण बधिर जागेवर, गळ्याच्या पुढच्या बाजूस किंवा जेथे रोग शिल्लक आहे अशा जागेवर लावू नयेत. हृदयात पेसमेकर असणाऱ्यांनी परस्पर हे यंत्र वापरू नये. शिवाय चकत्या बधिर जागेच्या ऐन मध्यावर न लावता, जेथे स्पर्श कळतो अशा कडेच्या कातडीवर लावाव्या लागतात, हे पुष्कळांस ठाऊक नसते. आणि मग यंत्र निरुपयोगी म्हणून ते कपाटात पडून राहते.

दुसऱ्या रूपात विजेचे टोक कातडीखाली, दुखऱ्या तंतूच्या जवळ नेतात. १९९९ मध्ये अमेरिकेत मानेच्या मागील तंतूंच्या दुखण्यासाठी ही तार मोठी चीर न पाडता सुईतूनच आत सोडण्याची पद्धत प्रसिद्ध झाली, आणि त्यामुळे हा उपाय पुष्कळ सोपा झाला. आता ध्वनिलहरींच्या यंत्राच्या पडद्यावर तंतू पाहत पाहत केसासारखी बारीक तार त्याच्या शेजारी ठेवता येते. विजेचे यंत्र बाहेर, कातडीला चिकटविलेले असते. यातील एका पद्धतीत तार साठ दिवस ठेवून मग काढून टाकतात. त्या काळात हळवे झालेले वेदनामार्ग शांत व्हावेत, आणि तार निघाल्यावरही आराम टिकावा, अशी त्यामागील अपेक्षा असते. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेत बरगड्यांमधील तंतूंजवळ अथवा कण्याच्या कडेला, जेथून हे तंतू निघतात तेथे, अशी तार ठेवण्याचे प्रयोग झाले आहेत.

तिसरे रूप अधिक मोठे. त्यात विजेची टोके असलेली तार पाठीच्या कण्यात, मज्जारज्जूच्या बाह्य आवरणाच्या बाहेर ठेवतात. छाती आणि काख यांसाठी ती मानेखालच्या, कण्याच्या वरच्या भागात न्यावी लागते. हे काम क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहून करतात, आणि पुष्कळदा रुग्ण जागा असताना करतात. कारण मुंग्या नेमक्या दुखऱ्या जागी येतात की नाही, हे रुग्णच सांगू शकतो. काही नवी यंत्रे सेकंदाला दहा हजार झटके देतात. त्यांत मुंग्या जाणवतच नाहीत. आणखी एका प्रकारात तार मज्जारज्जूवर न ठेवता, तंतू आत शिरण्यापूर्वी त्याची जी लहानशी गाठ असते तिच्यावर ठेवतात. त्यामुळे एकाच तंतूचे क्षेत्र नेमके साधता येते, आणि काखेच्या दुखण्यात दुसऱ्या बरगडीच्या तंतूचेच क्षेत्र महत्त्वाचे असते. अमेरिकेत या प्रकारास २०१६ मध्ये जी मान्यता मिळाली ती पाय आणि जांघ यांच्या विशिष्ट वेदनेपुरती होती. छातीसाठी तो वापरणे हा डॉक्टरांच्या विवेकाचा भाग ठरतो.

या तिसऱ्या रूपातील एक गोष्ट रुग्णाच्या फार हिताची आहे. कायमचे यंत्र बसविण्यापूर्वी तात्पुरती परीक्षा घेतात. तार आत असते, यंत्र बाहेर कमरेला असते, आणि रुग्ण सुमारे आठवडाभर घरी नेहमीची कामे करून पाहतो. वेदना निम्म्याने तरी कमी झाली, झोप सुधारली, हात अधिक वर जाऊ लागला, तरच पुढे जावयाचे. नाहीतर तार काढून टाकावयाची. परीक्षा उतरली तर लहान घड्याळाएवढे यंत्र पोटाच्या अथवा कुल्ल्याच्या कातडीखाली बसवितात. रुग्ण ते बाहेरून एका लहान नियंत्रकाने चालू, बंद, कमी किंवा अधिक करू शकतो. काहींचा घट बाहेरूनच पुन्हा भरता येतो. ज्यांचा भरता येत नाही, त्यांचे यंत्र काही वर्षांनी छोट्या शस्त्रक्रियेने बदलावे लागते.

एवढे वर्णन ऐकून मनात मोठी आशा निर्माण होते. म्हणून दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेवर शरीरात बसविलेल्या यंत्राचा जो अनुभव आज नोंदलेला आहे, तो बहुतेक एकेका रुग्णाच्या अथवा लहान गटांच्या हकिकतींच्या स्वरूपाचा आहे. त्या हकिकती उत्साहवर्धक आहेत. परंतु ज्यांना आराम पडला त्यांच्याच हकिकती अधिक छापल्या जातात, हेही विसरता येत नाही. शिवाय मोठे यंत्र बसविले या विश्वासानेच काही काळ बरे वाटते. नॉर्वेमध्ये कंबरेच्या शस्त्रक्रियेनंतर पायात राहिलेल्या वेदनेसाठी पन्नास रुग्णांवर एक प्रयोग झाला. मुंग्या न जाणवणारा प्रवाह काही महिने चालू आणि काही महिने बंद ठेवण्यात आला. केव्हा काय आहे हे रुग्णांना कळू दिले नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षात दोन्ही काळांत लक्षणीय फरक दिसला नाही. ते दुखणे निराळे आणि प्रवाहाचा प्रकारही एकच होता, म्हणून तो निकाल जसाच्या तसा येथे लावता येणार नाही. परंतु सावधपणा शिकविण्यास तो पुरेसा आहे.

धोकेही आहेत. तार जागेवरून सरकते, तुटते. जखमेत पू होऊ शकतो आणि मग सर्व काही काढावे लागते. क्वचित मज्जारज्जूला इजा किंवा रक्तस्राव होण्याचा संभव असतो. म्हणून रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांना विशेष दक्षता लागते. केमोथेरपी चालू असून शरीराची प्रतिकारशक्ती खालावलेली असेल, तर असे काम पुढे ढकलणे शहाणपणाचे असते. कर्करोगाच्या रुग्णास पुढे वारंवार तपासण्या कराव्या लागतात. तेव्हा बसविले जाणारे यंत्र एमआरआय तपासणीस चालेल काय, आणि कोणत्या अटींवर, हे आधीच विचारून ठेवले पाहिजे. आणि शेवटी खर्च. कायमच्या यंत्राची किंमत काही लाख रुपयांच्या घरात जाते. मध्यमवर्गीय कुटुंबाने तो निर्णय घाईने, भिडेने किंवा जाहिरातीवरून घेऊ नये. साधी औषधे, व्यायाम, सुईचे उपचार आणि कातडीवरील चकत्या यांचा नीट, पुरेसा काळ प्रयोग झाला आहे काय, हा पहिला प्रश्न. तात्पुरती परीक्षा घेणार काय, हा दुसरा. यंत्र काढावे लागले तर काय, हा तिसरा. या तिन्हींची उत्तरे समाधानकारक मिळाल्याशिवाय पुढचे पाऊल टाकण्याचे कारण नाही.

तथापि हे सर्व प्रश्न पुढचे आहेत. त्याआधीचा प्रश्न म्हणजे वेदना सांगितली जाते की नाही. गोवा, बेळगाव, इंदूर अशा ठिकाणांहून कर्करोगाचे कित्येक रुग्ण १९४१ मध्ये सुरू झालेल्या परळच्या टाटा रुग्णालयात उपचारांसाठी जातात. सहा महिन्यांनी किंवा वर्षाने फेरतपासणीची पाळी येते. प्रवास लांबचा, रांग मोठी, डॉक्टरांचा वेळ थोडा. रोग उलटला नाही, हे ऐकून घरचे उठतात, आणि दुखण्याचा विषय निघतच नाही. स्तनाविषयी, काखेविषयी बोलण्याचा संकोच असतोच. सोबत दीर किंवा मुलगा असला तर तो अधिकच वाढतो. अशा वेळी आधीच एका कागदावर चार गोष्टी लिहून नेल्या तर काम सोपे होते. दुखते नेमके कोठे, ते बोटाने दाखविता येईल असे, दुखते कसे, जळते की टोचते की कळ जाते, कशाने वाढते, आणि त्यामुळे कोणते काम, किती झोप बुडते. शून्य ते दहा अशा मापात वेदनेला आकडा दिला, तर पुढल्या खेपेस ती वाढली की कमी झाली हे ताडून पाहता येते. मोठ्या रुग्णालयांत आता वेदनेच्या उपचारांसाठी स्वतंत्र विभाग असतात; बधिरतेचे शास्त्र शिकलेले डॉक्टर ते चालवितात. त्या विभागाकडे चिठ्ठी द्यावी, अशी विनंती करण्यात कसलाही कमीपणा नाही.

शस्त्रक्रिया अजून व्हावयाची असेल, तर त्याआधीही बोलता येते. काखेतील सर्व ग्रंथी काढणे आवश्यक आहे काय, कातडीकडे जाणारा तंतू जपणे शक्य होईल काय, शस्त्रक्रियेच्या दिवशीच्या वेदनेसाठी तंतू बधिर करण्याची सोय आहे काय, हे विचारण्याचा हक्क रुग्णास आहे. तो तंतू जपता आला तर पुढे बधिरपणा कमी राहतो. आणि पहिल्या काही दिवसांतील वेदना जितकी तीव्र, तितका ती पुढे टिकून राहण्याचा संभव अधिक, असेही दिसून आले आहे.

विजेच्या या उपचाराने वेदना शून्यावर येईल, असे प्रामाणिक डॉक्टर सांगत नाहीत. आठावरची वेदना चारावर आली, रात्रीची झोप सलग लागली, केस विंचरावयास हात डोक्यापर्यंत पोहोचला, पदर पुन्हा त्या खांद्यावरून घेता आला, तर उपचार सफल झाला असे ते मानतात. ज्या स्त्रीने वर्षभर त्या कुशीवर झोप घेतलेली नाही, तिच्या दृष्टीने हे थोडे नव्हे. परंतु तेथवर जाण्याची वाट डॉक्टरांच्या यंत्रापासून सुरू होत नाही. मला अजून दुखते आहे, असे तिने म्हणावे आणि घरच्यांनी ते खरे मानावे, येथून ती सुरू होते.